कप्तानांचं वाचन

"वाचा की, अहो! थांबलात कशाला?"

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती आणि कप्तान मान वर करून लाकडी खांबाकडे बघत होते. टेकडीवरच्या पायवाटेला असे उंचच उंच खांब उभे केले होते आणि त्यांवर बुद्धवचनाची एकेक ओळ कोरलेली होती. ओळ वाचायची, चार पावलं चालायचं, पुढची वाचायची. खाली दरी, वर मोकळं आभाळ. भांडायला आलेली माणसंही गप्प व्हावीत अशी जागा. कप्तान मात्र घामाघूम झाले होते.

कप्तान हे नाव शाळेच्या पोरांनी ठेवलेलं. त्या पोरांची बस चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि बसला कधी ओरखडा नाही, असा त्यांचा तोरा. गेल्या आठवड्यात मात्र बस शाळेच्या फाटकाला घासली. त्याच संध्याकाळी कपड्यांच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याला हात जोडून ते म्हणाले, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" बायको तेव्हा खो खो हसली. घरी आल्यावर मात्र तिला ते फाटक आठवलं.

"डोळे तपासून घ्या," ती म्हणाली.

"तपासलेत. पास झालोय. कागद आहे माझ्याकडे!"

कागद खरा होता, तपासणी खोटी. दर वर्षी सगळे ड्रायव्हर तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर रांगेने बसत. आत एकेक जण भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाची, आणि तक्ता वर्षानुवर्षं तोच. कप्तानांना तो पाढ्यासारखा पाठ होता. गेली दोन वर्षं त्यांनी तो वाचलाच नव्हता, घडाघडा म्हणून दाखवला होता.

टेकडी चढतानाही त्यांनी तीच युक्ती लढवली. पुढे एक जोडपं चाललं होतं. त्यातली बाई खांबावरचं मोठ्याने वाची आणि कप्तान मागून तेच म्हणत. बायको पक्की. बुटाची नाडी बांधायला म्हणून ती खाली बसली आणि जोडपं वळणाआड जाईपर्यंत उठलीच नाही. मग तिने त्यांना या वरच्या खांबापुढे उभं केलं.

समोर तपकिरी पट्टा दिसत होता, बाकी काही नाही. पण माघार घेतील तर ते कप्तान कसले! ते खाकरले. "माणसाने रागावर ताबा ठेवावा. आणि... बायकोने नवऱ्यावर विश्वास ठेवावा."

"असं लिहिलंय?"

"अगदी स्पष्ट!"

"अहो, हा खांब कोरा आहे," ती हळूच म्हणाली. "शून्याची खूण म्हणून मुद्दाम कोरा ठेवलाय."

कप्तान पुढे झाले. त्यांनी तळव्याने लाकूड चाचपलं, वरून खाली, खालून वर. एकही अक्षर बोटाला लागेना. आधी त्यांना हसूच फुटलं. बायकोने विश्वास ठेवावा म्हणे! तीही हसली. हसता हसता ते मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

"खासगी डॉक्टरांना दाखवलं होतं गं. डोळ्याची नस सुकत चाललीय. चष्म्याने भागणार नाही म्हणाले. ते फाटक मला दिसलंच नव्हतं. तिथे एखादं पोर असतं तर?"

"मला का नाही सांगितलंत?"

"बस गेली तर मला कप्तान कोण म्हणणार?"

तिने शाळेचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मोठ्या बाई, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा. मला दिसत नाही." पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारलं जात होतं. "हो, कागद आहे. तक्ता पाठ होता माझा. चुकलं माझं."

फोन ठेवला आणि कप्तानांनी इतका लांब श्वास सोडला, की बायको घाबरून बघायला लागली. छातीवरची धोंड उतरली होती. रोज सकाळी ते भीत भीत बसची किल्ली फिरवत. उद्या फिरवायची नव्हती.

"चल," ते म्हणाले. "आता प्रत्येक खांब वाचून दाखव. एकही सोडायचा नाही. मी काहीच वाचलेलं नाहीये."

तिने वाचलं. एखादी ओळ आवडली की ते पुन्हा वाचायला लावत, पोटभर ऐकत. खांब संपले आणि उतरत्या पायऱ्या सुरू झाल्या, तसे कप्तान थांबले. आयुष्यभर पोरांना हात देऊन बसमधून उतरवणाऱ्या त्या माणसाने आपला हात पुढे केला.

"धर गं," ते म्हणाले. "मला पायरी दिसत नाही."