तोंड गेलेला सरदार

मी पितळेचा सरदार बोलतोय. उंची वीतभरसुद्धा नाही. मला डोळे नाहीत, कान नाहीत, नाक नाही आणि आता तोंडही नाही. मग बोलतो कशानं, असं विचारू नका. फार साचलं की पितळसुद्धा बोलतं.

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा, कोल्हापुरातल्या चन्नाप्पांच्या फौंड्रीतला. जोतीराम तिथला जुना मोल्डर, साचे करणारा. मालकांचा मुलगा मल्लेश तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो एक दिवस येऊन म्हणाला, "जोतीराममामा, आमच्या खेळाला एक सरदार पायजे. देखणा कर."

जोतीरामनं मेणाचा बाहुला केला, त्यावर माती चढवली, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत पितळ ओतलं. साचा फोडल्यावर त्यानं माझ्या गालावरून अंगठा फिरवला. "धाकलं मालक, तुमच्यावानीच दिसतोय की ह्यो!" मल्लेश लाजला. तेव्हा लाजायचा तो.

खेळ चालवायची त्याच्या वर्गातली संयोगिता. तिच्या मामानं परदेशातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकातला तो भुताखेतांचा खेळ. पट नाही, पत्ते नाहीत. संयोगितानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन 'मी आता असं करतो' म्हणायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं सरकायची. धुक्यात बुडालेला एक गड होता. मी तिथला सरदार आणि माझ्या वतीनं बोलणारा मल्लेश. राजशेखर नावाचा त्यांचा मित्र माझा जिवलग वैद्य व्हायचा.

त्या खेळात राक्षस कुणी आईच्या पोटातून येत नसे. चांगल्या माणसाचाच राक्षस व्हायचा, तोही हळूहळू. पाप केलं की अंधार आधी त्याला बक्षीस द्यायचा आणि मग त्याच्यातलं माणसाचं काहीतरी काढून घ्यायचा. जे गेलं ते कागदावर लिहून फौंड्रीवाल्यांच्या पोरांचं समाधान कसलं होतंय! त्यांनी नियमच केला, की ज्यानं पाप केलं त्यानं स्वतःच्या हातानं कानस मारून तो अवयव माझ्या चेहऱ्यावरून उतरवायचा. शेवटी तोंड. ते गेलं की तो सरदार कायमचा पिशाच्च, धुक्यातून कधी बाहेर पडायचा नाही.

गडावर साथ आली तेव्हा मल्लेशनं माझ्याकरवी दरवाजे लावले आणि गाव बाहेर मरू दिलं. अंधारात बघायची शक्ती मिळाली आणि डोळे गेले. टेकवलेली कानस त्यानं दोनदा परत उचलली, हे मला पक्कं आठवतं. मग माझ्या चोरीसाठी मी एका गरिबाला फासावर दिलं. ज्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवावा असा आवाज मिळाला आणि कान गेले. तिसऱ्या खेपेला मी वैद्यालाच शत्रूच्या हवाली केलं. मरण टळलं, पण नाक गेलं. राजशेखर त्या दिवशी खेळ टाकून उठून गेला.

"गड राखायचा तर येवढं करावंच लागतंय की," मल्लेश दर वेळी म्हणायचा. कानस मारून झाली की पितळेची पूड फुंकायचा आणि चहा मागवायचा. त्याला मोकळं मोकळं वाटायचं. खूण केली की पाप फिटलं, असं त्याच्या डोक्यात तिथंच बसलं. मला त्याचीच भीती वाटायची.

कॉलेज संपलं, खेळ मोडला. संयोगितानं मला मल्लेशच्या हातात दिलं. "तोंड राहू दे मल्लू," ती म्हणाली. "तोंड हाय तोवर माघारी फिरता येतंय."

पुढं चन्नाप्पा वारले, मल्लेश खुर्चीत बसला आणि मी टेबलावर, कागदांवरचं वजन म्हणून. दोन हजार पाच सालची गोष्ट. वितळलेल्या लोखंडाचं भांडं उचलायची साखळी झिजली होती. जोतीरामनं ते सांगितलं होतं. मल्लेश म्हणाला, "एवढी ऑर्डर निघू दे मामा, मग बदलू." ऑर्डर निघायच्या आधी साखळी तुटली. उडालेल्या रसानं जोतीरामचे दोन्ही डोळे नेले.

चौकशीला सरकारी साहेब आले. मल्लेश अगदी शांतपणे म्हणाला, "काय करणार साहेब, पिऊन आला होता." जोतीराम दारूला कधी शिवलेला नव्हता. पण साहेबांना पटलं. कामगारांनी माना खाली घातल्या. मालक सांगतोय म्हटल्यावर हळूहळू जोतीरामच्या गल्लीलाही पटलं.

साहेब गेल्यावर मल्लेशनं दार लावलं आणि ड्रॉवरमधून कानस काढली. "फौंड्री राखायची तर येवढं करावंच लागतंय की," तो मला म्हणाला. या वेळी टेकवलेली कानस त्यानं एकदाही परत उचलली नाही. माझं तोंड सपाट झालं. त्यानं पूड फुंकली आणि चहा मागवला.

काही दिवसांनी जोतीराम आला, बायकोचा, बयाबाईचा हात धरून. "मालक, मी प्यालो न्हवतो, येवढं लोकांना सांगा. दुसरं कायबी नको." मल्लेश कागद चाळत राहिला. आधारासाठी टेबल चाचपताना जोतीरामचा हात माझ्यावर पडला. त्यानं मला उचललं, गालावरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"ह्यो आपला सरदार न्हवं? ह्याचं त्वांड कुठं गेलं?"

मल्लेशचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतो. अजून फिरता येईल पोराला.

"जुना झाला मामा. झिजला," तो म्हणाला. "घेऊन जा तुम्हीच, आठवण म्हणून."

असा मी जोतीरामच्या घरी आलो. दुपारी दारात बसून तो मला हातात घेतो आणि माझ्या सपाट तोंडावर अंगठा फिरवत राहतो. तिकडं मल्लेशचं तोंड तसंच आहे, देखणं, गुळगुळीत. सत्कारांचे फोटो पेपरात येतात.

काल बयाबाईनं भीत भीत विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी वाईच घेतलिवती का तुमी?"

 माझ्यावरचा जोतीरामचा अंगठा थांबला. मग तो हळूच म्हणाला, "मालक म्हणत्यात म्हंजी… घेतली असंल."

वाचणाऱ्या माणसांनो, कधी त्या गल्लीत गेलात तर दारात बसलेल्या त्या आंधळ्या मोल्डरला एवढं सांगाल का, की जोतीराममामा, तुम्ही प्याला नव्हता? मी रोज त्याच्या हातात असतो, पण माझं त्याला ऐकू जात नाही.