कोरफडीच्या कुंडीखालची किल्ली

आमदारसाहेबांचं पत्रक दर महिन्याला अठरा हजार घरांत जाई, आणि ते कुणी वाचत नाही यावर साहेबांची ठाम श्रद्धा होती. पत्रक लिहिणाऱ्या बाईंना त्यांनी हे नऊ वर्षांत शंभरदा ऐकवलं होतं. या खेपेला मात्र त्यांनी निकालच लावला.

"हा अंक काढा आणि आटपा, बाई. पुढे फोनवर दोन ओळी पाठवू. तुम्हीही मोकळ्या."

मोकळ्या म्हणजे नोकरीतून मोकळ्या, हे बाईंना वेगळं सांगायला नको होतं. बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी शोधणं म्हणजे काय खायचं काम आहे? पण नोकरीपेक्षाही त्यांना लागलं ते दुसरंच. कुलूप कसं निवडावं, कुत्रा चावला तर आधी काय करावं, हे सगळं त्यांनी जीव ओतून लिहिलं होतं आणि या गृहस्थांच्या लेखी ती रद्दी होती.

शेवटचा तर शेवटचा, पण अंक असा काढते की नाव घेतील, असं म्हणत त्यांनी कंबर कसली. विषय घेतला सुट्टीतल्या घरफोड्यांचा. पोलिस ठाण्यात दोन दिवस ठाण मांडून बसल्या आणि सात मुद्दे लिहून आणले. किल्ली कुंडीखाली ठेवू नका, हा पहिला. ती दिवसभर घरी असणाऱ्या शेजाऱ्याकडे द्या, हा दुसरा.

सोबत फोटो हवा होता. फोटोवाला मुलखाचा आळशी. कार्यालयाला लागूनच साहेबांचं घर, दारात कोरफडीची कुंडी. त्याने ती जरा कलती केली तर खाली खरोखरच किल्ली. "वा, किल्लीही आयतीच मिळाली," स्वतःशीच म्हणाला, फोटो काढला आणि किल्ली जागेवर ठेवून चहाला गेला. फोटोत मागे बाटलीसारखं हिरवं दार आलं होतं, त्यावरची पितळी सिंहाची कडी आली होती. बाई नऊ वर्षं त्या दारावरून जात होत्या, तरी फोटोत ते त्यांनी ओळखलं नाही; रोजची गोष्ट माणसाला दिसत नाही. शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे साहेबांचा कार्यक्रम होता: बारा ते पंधरा तारखेपर्यंत सहकुटुंब मुलीच्या घरी.

बारा तारखेला सकाळी बाईंच्या सासूबाईंनी भिंग लावून पत्रक उघडलं. त्या काड्यापेटीवरचा मजकूरही सोडत नसत.

"अगं, हे दार तुझ्या साहेबांचं ना?"

"कुठलं, आई?"

"हे काय. आणि इथे लिहिलंयस, ते आजपासून घरी नाहीत." सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास की गं. वर फोटोसकट."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. चप्पल एक स्वतःची, एक सासूबाईंची, अशा त्या साहेबांच्या दारात पोचल्या. कुंडी उचलली. किल्ली नव्हती. तिथे एक चिठ्ठी होती: "किल्ली मी नेली आहे. पत्रकाचा मुद्दा पहिला. औषधवाला."

औषधवाल्याने गोळ्या मोजता मोजता सांगितलं, "पण मी दिवसभर दुकानात. मुद्दा दुसरा म्हणतो, घरी असणाऱ्याकडे द्या. मग पोस्टमनकाकांना दिली."

निवृत्त पोस्टमनकाका बागेला पाणी घालत होते. "मुद्दा चौथा," ते म्हणाले. "किल्ली कुठे आहे ते एकालाच ठाऊक असावं. औषधवाल्याला ठाऊक, मला ठाऊक, म्हणजे दोघं झालो. म्हणून मी तिसऱ्याला देऊन टाकली."

"कुणाला?"

"ते मालकालाच सांगणार. मुद्दा पाचवा. तुम्हीच लिहिलाय."

बाईंना रडावं की हसावं कळेना. नोकरी तर गेलीच होती, पण मुद्दा पाचवासुद्धा वाचला होता लोकांनी, पाठ केला होता. त्यांनी तिथेच उभं राहून साहेबांना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

साहेब चारच्या सुमाराला परतले. बायको गाडीतच बसली होती, कारण तिच्या किल्ल्या मुलीकडे राहिल्या होत्या.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," ती काचेतून म्हणाली. "कुंडीखाली ठेवू नका म्हणून किती वर्षं सांगतेय मी."

पोस्टमनकाकांनी साहेबांकडे ओळखपत्र मागितलं. मुद्दा सहावा. "अहो, माझं तोंड अख्ख्या गावाला माहीत आहे," साहेब म्हणाले. "पोस्टरवरचं माहीत आहे," काका म्हणाले आणि ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं. मग चौथ्या गल्लीतल्या गणिताच्या बाईंचं घर सांगितलं.

गणिताच्या बाई पायरीवर बसल्या होत्या, हाताला प्लास्टर. शेजारी जाडजूड फाइल. त्यात नऊ वर्षांची पत्रकं, ओळीने लावलेली.

"किल्ली आहे," त्या म्हणाल्या. "आधी हे ऐका. मार्च: चौथ्या गल्लीतला दिवा लवकरच लागेल. जून: दिवा लवकरच. सप्टेंबर: काम अंतिम टप्प्यात, दिवा लवकरच. मी मोजलंय, एकवीस वेळा लवकरच. गेल्या महिन्यात याच अंधारात मी पडले."

पत्रक लिहिणाऱ्या बाईंची मान खाली गेली. साहेब म्हणत आणि त्या लिहीत, एकवीसच्या एकवीस वेळा. कुलपांवर पानं भरली त्यांनी आणि या दिव्याकडे एकदाही येऊन बघितलं नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"दिवा लागला की किल्ली," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"ही दमदाटी झाली."

"अडवणूक म्हणा, साहेब. दमदाटी करायला मला हात लागेल."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. गल्लीतले लोक दारांत येऊन उभे होते. गाडीतून बायकोचा तिसरा फोन आला. साहेबांनी तो घेतला नाही, दुसरीकडे फोन लावला. एकवीस पत्रकांत न आलेली शिडी चाळीस मिनिटांत आली. दिवेलागणीला खांबावरचा दिवा लागला. गणिताच्या बाईंनी आधी त्याच्या उजेडात फाइलमधली एक ओळ वाचून पाहिली, आणि मगच किल्ली दिली.

परतताना साहेब पुढे होते. बाई एक चप्पल ओढत मागून चालल्या होत्या आणि मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवत होत्या.

"पुढच्या अंकात हा दिवा घ्या," साहेब म्हणाले. "आणि तो 'लवकरच' काढून टाका."

"त्याच्या जागी काय घालू?"

"तुम्हीच सांगा."

"तारीख घालते, साहेब. आणि ती तारीख उलटली, तर तेही छापते."

साहेब थांबले. हे त्यांना रुचलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. दारापाशी येऊन त्यांनी कुलूप उघडलं, बायकोला आत जाऊ दिलं. मग सवयीने वाकून कुंडी कलती केली, तशीच धरून क्षणभर उभे राहिले, आणि किल्ली बाईंच्या हातावर ठेवली.

"ही असू दे तुमच्याकडे," ते म्हणाले. "दिवसभर शेजारच्या कार्यालयात तुम्हीच असणार. मुद्दा दुसरा."