मुका बोर्ड

त्या घरात एकाच खोलीत दोन धंदे चालत. दाराकडची बाजू मास्तरांची, खिडकीकडची बाईंची. मास्तर शिंपी. बाई कॉम्प्युटर खोलायच्या, जोडायच्या, म्हाताऱ्या झालेल्या कॉम्प्युटरला नवा मदरबोर्ड घालून पुन्हा उभं करायच्या. मधे जमिनीवर एक चुंबक पडलेला असे. सांडलेल्या टाचण्या आणि सांडलेले स्क्रू त्याला एकत्रच चिकटत आणि संध्याकाळी नवराबायको आपापला माल निवडून घेत. बाकी सरहद्द कडक. मास्तरांच्या दोऱ्याचा एखादा तुकडा वाऱ्याने खिडकीकडे गेला तर बाई नुसत्या बघत, आणि मास्तर उठून तो उचलून आणत. नवरे येतात वळणावर, पण त्याला निम्मं आयुष्य जातं.

बाईंची कामाची एक पद्धत होती आणि तिच्याबद्दल त्या कुणाचं ऐकून घेत नसत. नवा बोर्ड आला की तो थेट कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायचा नाही. तो ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर, टेबलावर मांडायचा. प्रोसेसर, त्याच्यावर पंखा, रॅमची एकच पट्टी, विजेच्या दोन वायरी, बस्स. पडदासुद्धा जोडायचा नाही. त्याऐवजी बोर्डाच्या कडेच्या पिनांवर त्या बोराएवढा एक भोंगा खोचत, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चालू करायच्या दोन पिना एकमेकींना भिडवत, आणि डोळे मिटून ऐकत. एक छोटी पिप् झाली की सगळं ठीक. लांब लांब हाका यायला लागल्या की रॅम नीट बसलेली नाही. आणि काहीच वाजलं नाही तर दुखणं रॅमच्याही आधीचं, म्हणजे बोर्डाचं, प्रोसेसरचं नाहीतर विजेचं.

"पडदा फार उशिरा बोलतो," त्या म्हणत. "बोर्ड आधी बोलतो. ऐकणारं पाहिजे."

मास्तरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या खोलीत बसून इतके झगे आणि इतक्या विजारी शिवल्यावर त्यांना त्या हाका पाठ झाल्या होत्या. छोटी पिप् ऐकू आली की ते मान वर न करता म्हणत, "झालं वाटतं," आणि बाई म्हणत, "न व्हायला काय झालं?"

तर यावेळचा कॉम्प्युटर होता एका चित्रकर्तीचा. त्या लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत, आणि त्यांचा कॉम्प्युटर इतका थकला होता की एक चित्र साठवायला दिलं की त्या अंघोळ करून येत. जुनी डिस्क तशीच ठेवायची, कारण सगळी चित्रं तिच्यात होती. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवीन घालायची. बाईंच्या दृष्टीने हे डाव्या हाताचं काम. खरं तर हल्ली बरेच महिने असं पुरं काम आलंच नव्हतं. कुणाचा पंखा साफ करून दे, कुणाची डिस्क बदलून दे, एवढंच. त्यामुळे बाई खुशीत होत्या. मास्तर कपडे पोचवायला बाहेर गेले होते तेव्हा त्यांनी बोर्ड मांडला, चालू केला, आणि मास्तर परत आले तर बाईंचं तोंड उतरलेलं.

"मुका निघाला," त्या म्हणाल्या. "परत पाठवते."

बोर्ड परत गेला. दोन दिवसांनी पार्टवाल्याचा फोन आला. फोन हल्ली मास्तरच घेत, कारण बाईंचे हात नेमके तेव्हाच कशात तरी अडकलेले असत. पार्टवाला जुना ओळखीचा, स्वभावाने गोड. तो म्हणाला, "मास्तर, बोर्ड ठणठणीत आहे हो. मी इथे लावून बघितला, पहिल्या फटक्यात चालला. परत पाठवतोय. पण बाईंना म्हणावं, आता दगदग कशाला करता? इथून जोडून घेऊन जा, तुम्ही नुसतं गिऱ्हाइकाला द्या."

आता हे बायकोला कसं सांगायचं? मास्तरांनी त्यातला काटा काढता येईल तेवढा काढला, पण बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आला की पुन्हा मांडते. यावेळीही नाही बोलला तर बोर्डाचा दोष नाही, माझा आहे. मग हे टेबल उचलायचं. तुम्हाला कापड कापायला जागा होईल."

बाई तावातावाने बोलल्या असत्या तर मास्तरांनी मनावर घेतलं नसतं. पण त्या भाजी काय करायची हे सांगावं तशा बोलल्या होत्या, आणि अशा आवाजात ठरवलेली गोष्ट त्यांनी आजवर कधी मोडली नव्हती.

बोर्ड आला त्या सकाळी मास्तरांनी एक सदरा मशीनखाली घातला आणि शिवतोय असं दाखवत बायकोकडे बघत बसले. बाईंनी आधी डब्याच्या लोखंडाला हात लावला, अंगातली वीज उतरवायला. मग प्रोसेसर दोन बोटांनी कडांना धरून उचलला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि खाली ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. दांडी खाली आणून अडकवली, वर मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट, पंखा, चार स्क्रू, समोरासमोरचे आळीपाळीने. हात जराही थरथरत नव्हता. मास्तरांनी स्वतः हातावर पोट भरलेलं, त्यांना हात कळतो. हा हात गेलेला नाही, हे त्यांनी पैजेवर सांगितलं असतं.

रॅमची पट्टी खाचेत बसवून बाईंनी दाबली. भोंगा खोचला. मास्तरांनी पाय थांबवला, मशीन गप्प झालं. बाईंनी पिना भिडवल्या आणि डोळे मिटले.

पंखा फिरला. आणि लगेच भोंगा ओरडायला लागला. लांब. पुन्हा लांब. पुन्हा लांब.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हात्तिच्या, रॅम. एवढंच ना? आता ही म्हणेल "रॅम", पट्टी काढेल, पुन्हा बसवेल आणि झालं. ते वाट बघत राहिले. भोंगा ओरडत होता.

बाईंनी डोळे उघडले.

"मुका," त्या म्हणाल्या.

मास्तरांना आधी वाटलं, ही थट्टा करतेय. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात जागेवर यायला लागली. फोन आला की अडकणारे हात. गॅसवर शिट्टी मारमारून कोरडी झालेली किटली, आणि "तुम्ही का नाही उठलात?" म्हणून झालेलं भांडण. आणि वर्षभर चाललेला तो घोशा, की तुम्ही हल्ली पुटपुटता, नीट बोलत चला. मास्तरांनी तो इतका खरा मानला होता की कवळी सैल झाली असेल म्हणून ते दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरने कवळी काढून, घालून, वाजवून बघितली आणि सांगितलं, दात उत्तम आहेत. तेव्हाही या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शिंपी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप बोटभर चुकत नाही, आणि शेजारी बसलेल्या बायकोचं त्याला वर्षभर कळलं नाही.

बाईंनी विजेचा डबा बदलून दुसरा लावला. भोंगा ओरडला. "मुका." प्रोसेसर काढला, भिंगातून त्याची खालची बाजू बघितली, पुसून पुन्हा बसवला, नवी पेस्ट लावली. भोंगा ओरडला. बाईंनी यावेळी तो बंदही केला नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

"गेला माझा हात," त्या म्हणाल्या.

"अगं, रॅम बघ ना एकदा," मास्तर म्हणाले.

"काय म्हणालात?"

"रॅम. रॅम बघ."

"रॅम असती तर ओरडला असता ना तो," बाई चिडल्या. "बाही कुठे जोडायची ते मी तुम्हाला शिकवायला येते का? बघताय ना, हूं की चूं नाही त्याच्यात."

आणि हे त्या बोलत होत्या तेव्हा भोंगा त्यांच्या कोपरापाशी जिवाच्या आकांताने ओरडत होता.

मास्तरांना एक सोपी वाट दिसत होती. थोडी मिनतवारी करायची, माझ्यासाठी म्हणून काढ म्हणायचं. ती कुरकुरत रॅम काढेल, घालेल, पडदा जोडेल, चालेल. तिला काही कळणार नाही, टेबल राहील, आणि आपण पुढे जन्मभर शिवता शिवता तिचे कान होऊन बसू. मास्तरांना ते मनापासून आवडलं असतं. पण मग आपण चार दिवस आजारी पडलो तर? आणि तोवर ती मनातल्या मनात स्वतःला नालायक ठरवत राहणार, त्याचं काय?

ते उठले. कपड्यांवरचे दोरे न झटकताच सरहद्द ओलांडून गेले. बाईंनी दोऱ्यांकडे बघितलं. मास्तरांनी त्यांचा उजवा हात उचलला, त्याचं पहिलं बोट सरळ केलं आणि हळूच त्या भोंग्यावर टेकवलं.

"हे काय करताय?"

मास्तरांनी बोट सोडलं नाही.

भोंगा बोटाखाली थरथरला. थांबला. थरथरला. थांबला. बाईंनी बोटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मग त्यांनी डोळे मिटले, नेहमीसारखे, आणि बोट तिथेच ठेवून खूप वेळ ऐकण्याचा प्रयत्न केला. मास्तरांना ते बघवेना, पण ते हलले नाहीत.

"वाजतोय?" बाईंनी विचारलं.

"वाजतोय."

"बारीक?"

"नाही गं. चांगला मोठ्याने."

"पहिल्यापासून?"

मास्तरांनी मान डोलावली. बाईंनी बोट काढलं, वीज बंद केली आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मास्तरांना काय करायचं ते कळलं असतं. ते तसेच बाजूला उभे राहिले, एक हात बाईंच्या खांद्यावर ठेवून, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही पुटपुटत नव्हतात," बाई म्हणाल्या.

"नाही."

"आणि दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलात."

"त्याने कवळी घासून दिली. फुकट नाही गेलं."

बाईंना हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्यांनी दोन्ही एकाच बाहीने पुसलं. मग भिंग घेतलं आणि रॅमच्या पट्टीवर धरलं. नव्या बोर्डावर खटका एकाच टोकाला होता. तो बसला होता. दुसऱ्या, बिनखटक्याच्या टोकाला पट्टी केसभर वर राहिली होती. एरवी बाई 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबायच्या, आणि तो न येताही आला असं त्या किती दिवस धरून चालल्या होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दोन्ही अंगठे टोकांवर ठेवले आणि जोर दिला.

"झालं टक्?"

"झालं," मास्तर म्हणाले.

बाईंनी स्वतःच भोंग्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पिना भिडवल्या. पंखा फिरला. बोटाखाली एकच, छोटासा ठोका पडला.

"बोलला," बाई म्हणाल्या. त्यांनी बोट उचलून बघितलं, जसं काही त्याला काही लागलं असेल. "हात आहे हो माझा. जागेवर आहे."

"तो कुठे गेला होता? कान तेवढे..."

"म्हणा की. ऐकू येत नाही म्हणा. कानालाही यंत्र बसवून मिळतं. उद्याच जाऊ." त्या पडद्याची वायर सोडवायला लागल्या. "आख्ख्या जगाचे पार्ट बदलत आले, एक माझा बदलायचा. आणि त्या पार्टवाल्याला फोन लावा. म्हणावं, बोर्ड चालला, बाई जोडतायत. मोठ्याने सांगा."

मास्तरांनी फोन लावला आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की रस्त्यावरच्या माणसाने वर बघितलं. तोवर पडद्यावर पांढरी अक्षरं आली होती. बाईंनी बोर्ड उचलून डब्यात ठेवला आणि एकेक स्क्रू आवळायला घेतला. मास्तरांनी आपलं स्टूल ओढून खिडकीपाशी आणलं. त्यांना कुणी हटकलं नाही.

"अहो," स्क्रू आवळता आवळता बाईंनी विचारलं, "घरात अजून काय काय वाजतं, जे मला माहीत नाही?"

मास्तर विचार करायला लागले. "न्हाणीतला नळ गळतो, टपटप. वरच्या मजल्यावर कुणीतरी शीळ घालतं, बेसूर. ही खिडकी कुरकुरते. आणि मी उठलो की माझे गुडघे."

"गुडघेसुद्धा?"

"हो तर. कडाकड."

"अजून?"

मास्तर घुटमळले. सांगावं की नाही, असं त्यांना झालं. पण आज सांगायला सुरुवात झालीच होती, आणि बाई हातातला स्क्रू तसाच धरून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"रात्री दिवा मालवला की मी विचारतो तुला. झोपलीस का, म्हणून."

"कधी?"

"रोज. तू काही बोलत नाहीस. मग मी कूस बदलतो. म्हटलं, हिला आता माझ्याशी बोलायचं नसेल."

बाईंनी स्क्रू खाली ठेवला.

"मी जागी असते हो," त्या म्हणाल्या. "रोज. तुम्ही हल्ली अंधार झाला की गप्प का होता, असा विचार करत पडलेली असते."