सहाशे बारासाठी ट्रेनी

पलंगावरच्या चादरीचा डावा कोपरा नीट खोचलेला नव्हता. ताईंना तो दारातूनच दिसला आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले.

"आई, नको," लेक कानाशी पुटपुटली. "हात लावू नकोस. कॉलेज आहे हे, तुझं हॉटेल नाही."

ताईंनी हात पाठीमागे बांधले. सतरा वर्षं हॉटेलच्या खोल्या आवरण्यात आणि पुढची नऊ वर्षं दुसऱ्यांनी आवरलेल्या खोल्यांत चुका काढण्यात गेली होती. सगळं हॉटेल त्यांना ताई म्हणत असे, आणि आता खऱ्या नावानं घरी येणारी पत्रंसुद्धा दुसऱ्या कुणाची वाटावीत, इतकं ते नाव अंगाला चिकटलं होतं. लेकीला हॉटेलच्याच धंद्यात यायचं होतं, पण कॉलेज शिकून, साहेबासारखं. ताईंना त्याचा अभिमान होता आणि थोडा रागही.

कॉलेजनं एका वर्गाचीच हॉटेलची खोली केली होती. पलंग, दिवा, जाड पडदे, सगळं हुबेहूब. पालकांपैकी कुणीतरी पडदा बाजूला सारला तर मागे खिडकी नव्हती, कोरी भिंत होती.

"तीन कोर्स आहेत," टाय लावलेले सर सांगत होते. "एक पर्यटनाचा, म्हणजे तिकिटं, सहली, ऑफिसचं काम. दुसरा स्वयंपाकाचा. तिसरा हॉटेल सेवेचा. त्यात तिसऱ्या महिन्यापासून प्रत्यक्ष हॉटेलात ट्रेनिंग. या तिसऱ्यालाच सगळ्यात जास्त मागणी आहे."

लेकीनं तिसऱ्याच कोर्सचा फॉर्म हातात घट्ट धरला होता. परवा शेवटची तारीख होती.

मग करड्या गणवेशातल्या एका मुलीनं काम करून दाखवलं. ती दुसऱ्या वर्षाची होती. तिनं दारावर तीनदा टकटक केली, ट्रॉली आत ओढली आणि मागे वळून दार लावून घेतलं. कुलपाचा बारीकसा आवाज झाला. ताईंनी दाराखालच्या फटीकडे पाहिलं.

त्यांना कामाच्या पहिल्या दिवशी चादर घालायलासुद्धा शिकवलं नव्हतं. जुन्या बाईनं आधी लाकडाची एक पाचर हातात ठेवली होती. पाहुणा आत असो नसो, दार सताड उघडायचं, खाली पाचर सारायची, ट्रॉली उंबऱ्यात आडवी लावायची आणि मगच पाऊल आत टाकायचं. का, ते तिनं सांगितलं नाही. ताईंनीही विचारलं नाही, कारण ते न सांगताच कळलं होतं.

"सर, दार का लावलं हिनं?" ताईंनी विचारलं.

"आता पद्धत बदललीय, मॅडम. बाहेर ट्रॉली उभी दिसलेली पाहुण्यांना आवडत नाही. आमच्या ट्रेनिंगच्या हॉटेलनंच तसं कळवलंय." आणि सरांनी हॉटेलचं नाव सांगितलं.

ते ताईंचंच हॉटेल होतं. लेकीनं आईला कोपरानं ढोसलं. "बघ, दुपारचा डबा एकत्र खाऊ आपण."

सर सगळ्यांना स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेले. लेकही गेली. ताई मागे रेंगाळल्या आणि खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी तो कोपरा एकदाचा खोचून टाकला.

"तुमचाच हात तो, लगेच ओळखू आला." करड्या गणवेशातली मुलगी ट्रॉली न्यायला परत आली होती. "गेल्या वर्षी चार महिने तुमच्याकडे होते मी. तुम्हाला आठवणार नाही."

ताईंना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण जमलं नाही.

"कुठल्या मजल्यावर होतीस?"

"सहाव्या." मुलगी टॉवेलाची घडी परत परत करत होती. "रोज सकाळी खोल्यांचा चार्ट तुम्हीच लावायचात ना? अक्षर फार छान आहे तुमचं."

ताई चादरीवरची नसलेली सुरकुती सारखी करत राहिल्या.

"इथं परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सर्टिफिकेट हवंय ना, मग सोड आता तो विषय." तिनं टॉवेल ठेवून दिला. "ती मघाची तुमची मुलगी का?"

"हो."

"वाटलंच." मुलीनं दाराकडे पाहिलं. "गोड आहे," ती म्हणाली आणि ट्रॉली ढकलत निघून गेली.

सहाव्या मजल्यावर सहाशे बारा नंबरच्या खोलीत एक पाहुणा तीन वर्षांपासून मुक्कामाला होता. मालकांच्या मित्रांपैकी. हळू आवाजात बोलायचा, प्रत्येक वाक्यात 'प्लीज' म्हणायचा. तो आला त्या महिन्यात ताईंची एक बाई बादली तिथंच टाकून सहा जिने धावत उतरली होती. लिफ्टसाठीसुद्धा ती थांबली नव्हती. त्यानंतर एकही बाई तिथं जायला तयार होईना. मॅनेजर म्हणाले, खोली तर आवरलीच पाहिजे, ताई, तुम्ही मार्ग काढा. ताईंनी मार्ग काढला. चार्टवर बाकी प्रत्येक खोलीपुढे बाईचं नाव असायचं, सहाशे बारापुढे त्या 'ट्रेनी' एवढंच लिहायला लागल्या. मॅनेजर खूश झाले, बायका खूश झाल्या. ताईंनी मनाची समजूत घातली होती की शिकलेल्या मुली आहेत, काही झालं तर बोलतील, नाहीतरी चार महिन्यांत जायच्याच आहेत. त्या मुली काही बोलतात का, हे मात्र त्यांनी कधी थांबून ऐकलं नव्हतं. आपल्या बायकांना जपलं, यातच त्यांना मोठेपणा वाटत आला होता.

घरी येऊन लेकीनं जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरला. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून झाली. कोर्सच्या चौकोनाशी पेन आलं तेव्हा ताई म्हणाल्या, "थांब." आणि त्यांनी सगळं सांगितलं. लेकीकडे बघवत नव्हतं, म्हणून फॉर्मकडे बघत सांगितलं.

लेकीनं फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला.

"किती जणी?" तिनं विचारलं.

"मोजल्या नाहीत."

"आणि तू रोज संध्याकाळी घरी येऊन मला अभ्यासाचं विचारायचीस."

"हो."

"मग आता मी काय करू? तिकिटांचा कोर्स घेऊ? मी नाही गेले तर दुसरी कुणीतरी जाईलच ना तिथं."

ताईंना रडू फुटलं. लेकीनं त्यांना जवळ घेतलं नाही. एरवी ती लगेच गळ्यात पडायची.

"मला हेच काम करायचंय, आई. तुझ्यामुळेच करायचंय. तू चादर घातलीस की घर हॉटेलासारखं दिसतं, म्हणून मी शाळेत मैत्रिणींना सांगत असे." तिनं पेनाला टोपण लावलं. "हा चौकोन मी परवा भरीन. मी तुझ्याकडे आले, तर चार्टवर माझं नाव लिहिशील, की ट्रेनीच लिहिशील? ते मला आधी कळू दे."

सकाळी ताई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कामावर पोचल्या. चादरींच्या खोलीबाहेर दोन नव्या ट्रेनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. छातीवरचे नावाचे बिल्ले कोरे होते.

"नावं काय तुमची?" ताईंनी विचारलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, मग त्यांनी नावं सांगितली. ताईंनी ती चार्टवर लिहिली, दुसऱ्या मजल्यापुढे, एका जुन्या बाईच्या जोडीला. सहाशे बारापुढे मात्र हात अडला. पेन टेकवून त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ताई नव्हे, कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव, आडनावासकट.

जमलेल्या बायकांनी ते नाव दोनदा वाचलं. मॅनेजर आले आणि चष्मा पुसत पुढे वाकले.

"हे काय नवीन काढलंत?"

"आजपासून सगळ्यांची नावं लिहायची."

"आणि सहाशे बारा? तुम्ही सुपरवायझर आहात, खोल्या आवरत बसणार?"

"आवरीन की. दार मात्र उघडं राहील."

"ताई, त्यांनी वर तक्रार केली तर मी काही करू शकणार नाही. या वयात नोकरी सांभाळा." मॅनेजरांच्या आवाजात खरोखरीची काळजी होती, आणि तीच जास्त भीतीदायक वाटली.

"कुणाची तक्रार करायची ते लिहिलंय तिथं," ताई म्हणाल्या.

टेबलाच्या तळच्या खणातून त्यांनी पाचर काढली. नऊ वर्षं ती तिथं पडून होती, तिच्यावर धूळ बसली होती. सहाव्या मजल्यावर गालिचा इतका जाड होता की ट्रॉलीच्या चाकांचा आवाजही होईना. सगळी दारं बंद होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी भीती ताईंना कधी वाटली नव्हती, आणि त्या कोवळ्या मुली रोज याच वाटेनं एकट्या आल्या होत्या.

त्यांनी तीनदा टकटक केली.

"या ना, प्लीज," आतून आवाज आला.

दार उघडून त्यांनी पाचर खाली सारली, ट्रॉली उंबऱ्यात आडवी ओढून घेतली. तो खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत बसला होता. त्यानं मान वळवली आणि ताईंचे पांढरे केस, सैल झालेला गणवेश, सगळं सावकाश पाहून घेतलं.

"आज मुलगी नाही आली?"

"नाही येणार."

"बरं." त्यानं पेपराची घडी केली. "दार लावून घ्या, प्लीज."

ताईंनी बुटाच्या टाचेनं पाचर आणखी आत ठोकली, आणि मग पलंगावरची चादर ओढून काढली.