अकरा नाईट

"आधी पेटी इथे उघडा, मग पैशांचं बोलू," मी म्हणाले.

वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून आपण कुठेही, कुणाशीही बोलू शकतो असं माझं ठाम मत झालं होतं. आणि रंजिता मावशीला त्या दिवशी माझी गरज होतीच. विचुंब्याच्या त्या खोलीच्या दारात ती नुसती ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"वकील आनलीस का गो?" घरमालकीण सखूबाई जिन्यातूनच म्हणाली. किशोरीने तिला साक्षीला बोलावलं होतं. म्हणजे भरवसा किशोरीचाही नव्हता आमच्यावर.

मावशी आणि किशोरी पनवेलच्या एकाच हॉस्पिटलात नर्स. या खोलीत दोघी चार वर्षं राहिल्या. मग आजोबांना लकवा झाला आणि मावशी एका पिशवीनिशी कोन गावी घरी परतली. पेटी राहिली. नंतर आणायला गेली तर किशोरी म्हणाली, तीन महिन्यांचं भाडं मी एकटीने भरलंय, तुझ्या वाटचे नऊ हजार दे आणि घेऊन जा. मावशी म्हणाली, मी काही देणं लागत नाही. त्याला आठ महिने झाले. पण त्या पेटीत मावशीचं नर्सिंगचं मूळ सर्टिफिकेट होतं आणि सोमवारी तिला ते सरकारी दवाखान्यातल्या नोकरीसाठी तपासणीला दाखवायचं होतं. झेरॉक्स चालणार नव्हती. आम्ही गेलो तो दिवस रविवार होता.

आदल्या दिवशी मी मावशीला आठवून आठवून सांगायला लावलं होतं आणि सतरा वस्तूंची यादी केली होती. पूर्वी मी किशोरीला मावशीच म्हणायचे. त्या दिवशी मुद्दाम टाळत होते.

किशोरीने कॉटखालून पेटी ओढली. झाकणाच्या सांध्यावर पांढरी चिकटपट्टी होती, जखमेवर लावतात तसली. त्यावर पेनाने तारीख आणि किशोरीची सही.

मी वाकून वाचलं. "ही तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे."

"हो."

"म्हणजे पेटी मध्ये उघडली होती."

"उघडली होती. म्हणून तर तारीख घातली." किशोरीने माझ्याकडे न बघता पट्टी सोलली. "औषधाची बाटली फोडली की तारीख घालतो आम्ही. विचार तुझ्या मावशीला."

मावशीने आपल्या किल्लीने कुलूप काढलं. मी यादी बाहेर काढली. पांढरे बूट, आहेत. दोन युनिफॉर्म, आहेत. पैठणीच्या काठाची पिशवी, बी.पी.चं मशीन, जत्रेतला चांदीचा करंडा. किशोरी एकेक वस्तू चादरीवर मांडत होती आणि मी टिक करत होते. आतलं काही काढून घेतलं असेल म्हणून मी करंडासुद्धा उघडून बघितला. त्यात कुंकूच होतं.

पेटीचा तळ दिसला. सोळा वस्तूंवर टिक झाली होती.

"सर्टिफिकेट कुठाय?" मी विचारलं. माझा आवाज स्टेजवर लागतो तसा लागला. "ते नसेल तर आम्ही पोलीस स्टेशनला जाणार."

"दिपा, गप," मावशी म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

किशोरी उठली. तिने स्वतःचं कपाट उघडलं आणि एक निळी फाईल काढली. एका प्लास्टिकमध्ये दोन सर्टिफिकेटं होती, पाठीला पाठ लावून. पुढचं किशोरीचं, मागचं मावशीचं. ते तिने सोडवून मावशीच्या हातात दिलं.

"या भिंतीला ओल आली होती. पेटीत कागद कुजला असता."

"मंग सांगायचं ना," मावशी म्हणाली.

"फोन उचलत होतीस माझा?"

सखूबाईने तोंडावर पदर धरला. मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगायचं तर मी तयारही होते. पण किशोरी कॉटच्या कडेला बसली.

"देणं लागत नाही म्हणालीस, म्हणजे माझ्या वाटच्या त्या अकरा नाईट तू भाड्यात धरल्यास ना? माझी आई अ‍ॅडमिट असताना केल्यास त्या?"

"धरल्या."

"मी वॉर्डात सगळ्यांना सांगत होते, बघा, आपली दिवसाची ड्युटी करून रंजिता माझ्या नाईट काढते. सख्खी बहीण करणार नाही. आणि तू हिशोब लावत होतीस?"

मावशीने चादरीवरचे बूट नीट जोडीला लावले.

"तवा नाय लावला," ती म्हणाली. "तवा तशाच केल्या गो. मंग बाबांच्या दवाखान्यात पैसं गेलं, भाडं थकलं. तुजकडं सवड मागायला आन पैसं नाय म्हनायला, दोनींची लाज वाटली. म्हनून त्या नाईट धरल्या."

माझ्या हातात यादी होती आणि तिचा आता काही उपयोग नव्हता.

मावशीने पर्समधून नऊ हजारांचं पाकीट काढून किशोरीपुढे धरलं. माझ्या आईने मावशीला सांगितलं होतं, भांडू नकोस, देऊन टाक. मी रिक्षात तिला बजावलं होतं, सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय देऊ नकोस. ते हातात आलं होतं. तरी हा हिशोब पैशांनी मिटवायला नको होता असं मला पहिल्यांदाच वाटलं.

किशोरीने ते घेतलं. मोजलं नाही. फळीवर साखरेच्या डब्याखाली सरकवलं. डब्यावर तसल्याच पांढऱ्या पट्टीवर 'साखर' लिहिलं होतं, मावशीच्या अक्षरात.

"मोजून घे," मावशी म्हणाली.

"असतील."

सामान आम्ही परत भरलं. मावशीने कुलूप लावलं. मी आणि सखूबाईने दोन्ही कड्या धरून पेटी जिन्यात आणली, तेवढ्यात किशोरी मागून आली. तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून एक छोटी किल्ली सोडवली.

"ही पण तुझी."

या पेटीला दोन किल्ल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. एक कायम किशोरीकडेच असायची, हे मावशीने सांगितलंच नव्हतं. मावशीने हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा केला.

"उद्या वेळेवर जा," किशोरी म्हणाली आणि दार लोटलं.

कोनच्या रिक्षात पेटी आमच्या पायांशी होती. मी सतरावी टिक केली आणि कागदाची घडी घातली. मावशीने मूठ उघडली नाही. किल्ली यादीत नव्हतीच.