कॉफी लिहिलेली बरणी

मित्रांनो, माझ्या पोटावर सुरेख अक्षरात ‘कॉफी’ असं लिहिलं आहे. त्यावर मुळीच जाऊ नका. मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यात कॉफीचा एक दाणाही पडलेला नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथली धग मला अजून आठवते. काच ओतताना काहीतरी गडबड झाली असावी, कारण माझ्या तळाशी एक बारीकसा बुडबुडा राहून गेला. त्या बुडबुड्यापायी दुकानदारानं मला मागच्या रांगेत ठेवलं होतं. एके दिवशी एक तरुण पेंटर दुकानात आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याला सहा बरण्या हव्या होत्या आणि पुढच्या रांगेत पाचच होत्या. अशी मी त्या घरात गेले.

हा पेंटर दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या रंगवायचा. सुट्टीच्या दिवशी त्यानं बारीक ब्रश घेतला आणि आम्हां सहा बहिणींवर नावं लिहिली. चहा, साखर, मीठ, डाळ, तांदूळ आणि कॉफी. माझ्या ‘फी’ची वेलांटी त्यानं तीनदा पुसून पुन्हा काढली. त्याच्या बायकोनं अक्षराचं तोंडभरून कौतुक केलं, आणि दुसऱ्याच दिवशी मिठाच्या बरणीत शिवणाची बटणं भरली.

“अगं, मग मी लिहिलं कशाला?” तो वैतागून म्हणाला.

“अहो, शोभेला! रिकामी होती ती, म्हणून भरली.”

तर असं होतं बघा. जी बरणी रिकामी होईल तिच्यात जे हाताला लागेल ते जायचं. कशात काय आहे ते फक्त तिला ठाऊक असायचं. तो आयुष्यभर चिडला आणि ती आयुष्यभर हसली. त्यांची मुलगी लहान होती तेव्हा माझ्या पोटात मणी होते. मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली, मणी कुठेतरी सांडले, आणि तेव्हापासून माझ्या नशिबात मसाला आला.

हा मसाला गोळ्यांचा होता. खिम्याचे गोळे करावेत तर तिनंच. खाटकाकडून बारीक खिमा आणायची. शिळा पाव दुधात भिजवून पिळायची, त्यात किसलेला कांदा, लसूण, मीठ आणि एक अंडं घालून सगळं हलक्या हातानं कालवायची. तळवे ओले करून लिंबाएवढे गोळे वळायची आणि तेलात लालसर करून बाजूला काढून ठेवायची. मग त्याच तेलात माझ्यातला एक चमचा मसाला पडायचा, त्यावर साल काढलेले टोमॅटो, किंचित साखर, आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत सॉस रटरटायचा. एकदा पेंटरची बहीण, म्हणजे मुलीच्या आत्याबाई, राहायला आल्या होत्या; त्या सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्यातला चमचाभर मसाला दुधात घालून कॉफी करून बसल्या. “वहिनी, तुमच्याकडच्या कॉफीला जेवणाचा वास येतो हो,” असं त्या म्हणाल्या, आणि पेंटरची हसून हसून मुरकुंडी वळली.

त्या मसाल्यातलं एक गुपित मला माहीत होतं. पेंटर रोज दुपारी एक संत्रं सोलायचा. साल अखंड, एका लांब पट्टीत काढायची, त्यानं हात स्थिर राहतो, असं त्याचं म्हणणं. साल स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवून तो कामाला लागायचा. काही दिवसांनी ती तिथून नाहीशी व्हायची. ती केरात जाते, अशी त्याची समजूत होती. केरात नाही हो, ती खडखडीत वाळली की माझ्यात यायची.

मग एका मंगळवारी ती गेली. दुपारी कांदा चिरता चिरता खुर्चीवर टेकली आणि उठलीच नाही. अर्धा कांदा ओट्यावर तसाच होता.

त्या आठवड्यात पेंटरनं मला उचलून आपल्या खोलीत नेलं. आधी उग्र वासाचा टर्पेंटाइनचा डबा बाहेर ठेवला, खोलीला दोन दिवस वारा दिला, आणि मग मला कपाटात ठेवलं. माझ्या तळाशी जेमतेम दोन चिमटी मसाला उरला होता. दुपारचे चार वाजले की तो दार लोटून घ्यायचा, माझं झाकण उघडायचा आणि नाक आत घालायचा.

“आलीस?” असं तो अगदी हळू विचारायचा.

मित्रांनो, मी भित्री नाही. भट्टीतून आलेली आहे. पण खरं सांगते, ती यायची. माझ्या झाकणावर तिचा अंगठा टेकलेला मला जाणवायचा. भर दुपारी, घरात कोणी बोलत नसताना, झाकण आपोआप किंचित करकरायचं. स्वयंपाकघरात खिळ्यावर तिचा एप्रन होता, तो वारा नसताना हलायचा. पेंटरला याची भीती वाटत नव्हती. त्याला भीती होती ती वेगळीच. झाकण उघडलं की वास येतो आणि थोडा निघूनही जातो. मी रोज थोडी थोडी रिती होत होते, आणि तो रोज मला उघडत होता. ‘नको रे उघडूस,’ असं मी किती कळवळून म्हणायचे, पण काचेला कुठे तोंड असतं!

जेवण त्याला जाईना. सदरा अंगावर लोंबू लागला. डॉक्टरांनी बजावलं की असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. तेव्हा मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली. रविवारी तिला परत जायचं होतं, आणि न जेवणाऱ्या बापाला एकटं टाकून जायला तिचं मन घेईना. आईच्या हातच्यासारखे गोळे केले तर बाबा खातील, असं तिनं मनाशी ठरवलं.

पहिल्या दिवशी तिनं धने-जिरे घालून केले. बाबांनी अर्धा गोळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दालचिनी घातली. “चांगलं झालंय गं,” म्हणून त्यांनी ताट सारलं. तिसऱ्या दिवशी तिला फडताळात आईची वही सापडली. गोळ्यांच्या पानावर लिहिलं होतं, ‘टोमॅटोच्या आधी कॉफी एक चमचा. हलवत राहा, तळाला लागतं.’ तिला नवल वाटलं. पण आईनं लिहिलंय म्हणजे असेल, म्हणून ती दुकानातून खरोखरची कॉफी घेऊन आली.

त्या दिवशीचा सॉस काळा आणि कडूजहर झाला. पेंटरनं एक घास तोंडात घेतला, तिच्याकडे पाहिलं, घास गिळला आणि उठून खोलीत आला. मला छातीशी धरून बसला. तिकडे मुलगी ओट्याशी उभी राहून रडत होती ते त्याला ऐकू येत होतं, आणि तरी तो जागचा हलला नाही. मला त्याचा रागच आला बाई. बाप असा कधी वागतो का?

चौथ्या आणि पाचव्या दिवशी तिनं ओवा घालून पाहिला, तमालपत्र घालून पाहिलं. जाता येता कठड्यावर साचलेल्या संत्र्याच्या साली केरात भरल्या. “बाबा, काय हा पसारा! उचलायला काय होतं?” असं ती वैतागून म्हणाली. उचलणारी आता नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

शनिवारी चार वाजता पेंटरनं मला उघडलं. “आलीस?”

उरलासुरला वास वर ढकलायला मी सगळं बळ लावलं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यानं पुन्हा हुंगलं. मला हलवलं, उन्हात धरलं. “गेली,” तो म्हणाला. “पुन्हा गेली गं.”

मग तो मला घेऊन स्वयंपाकघरात आला. मुलगी गोळे तळून बाजूला काढत होती.

“बाळ, मला वास येईनासा झालाय. बघ बरं, तुला येतो का.”

तिनं ओले हात पुसून मला घेतलं, फिरवलं, आणि तिला माझ्या पोटावरची ती वेलांटी दिसली.

“बाबा, वहीतली कॉफी म्हणजे ही?”

त्यानं मान हलवली.

“आणि मी खरी कॉफी घातली तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तू हे घालून टाकलं असतंस. एवढीच उरलीय ती माझ्याकडे.”

तिला ओरडायचं असावं, पण ओरडवलं नाही. मला पुन्हा त्याच्या हातात देऊन तिनं विचारलं, “घालू?”

तो माझ्या तळाशी असलेल्या बुडबुड्यावरून अंगठा फिरवत राहिला. मी घाबरून गेले होते. त्या दोन चिमट्या गेल्या की मी कोण? नुसती काच, अंगावर खोटं नाव असलेली.

“घाल,” तो म्हणाला.

तिनं मला पालथी करून ठोकलं. मसाला गरम तेलात पडला, तडतडला, आणि मित्रांनो, मग ती आली. भांड्यातून उठली, पडद्यांत शिरली, एप्रनपर्यंत गेली. पेंटरनं वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मुलीनं मात्र मागे वळून पाहिलंच नाही. झारा हातात घेऊन ती आपोआप म्हणाली, “हो आई, हलवते.”

टोमॅटो पडले, सॉस रटरटू लागला. ती डोळे मिटून ओळखू लागली. “भाजलेली बडीशेप आहे. जायफळ आहे. मिरे आहेत. आणि अजून काहीतरी आहे, थोडं कडसर, गोडसर...” तिनं डोळे उघडले तेव्हा समोर कठडा होता. त्यावर केर भरताना सुटलेली एक साल वाळून वळली होती. तिनं तुकडा मोडून हुंगला.

“बाबा, ही साल!”

“ती? ती तर तुझी आई फेकायची ना?”

“कसली फेकते! इतकी वर्षं तुम्ही सोललेली साल तुम्हीच खाताय.”

पेंटर आधी हसला. हसता हसता रडला, आणि रडता रडताच पाटावर बसला. त्यानं चार गोळे खाल्ले. पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली. मुलगी जेवायची विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

रविवारी सकाळी तिनं नवा मसाला कुटला. मला धुवायला घेतलं तर तो म्हणाला, “धुवू नकोस. तिच्या वासावरच भर.” मग तिनं विचारलं, “बाबा, नाव तरी बदलता का? ब्रश देऊ?” त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “राहू दे. तिनं कधी वाचलं नाही. तूही वाचू नकोस.” पुडीत थोडा मसाला बांधून घेऊन ती गेली. मी पुन्हा फळीवर, माझ्या पाच बहिणींशेजारी आले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या बरण्यांवर काय लिहिलंय ते वाचून थांबू नका. आत काय आहे, ते भरणारीला आजच विचारा. ती हसेल, ‘कशाला रे तुला,’ म्हणेल. तरी विचारा. आणि आतलं जपून ठेवण्यासाठी आमचं झाकण लावू नका, वापरून झाल्यावर लावा.

अजूनही चार वाजता तो मला उघडतो. कठड्यावर साल वाळत असते, खाटकाकडची पुडी ओट्यावर असते. झाकण किंचित करकरतं, एप्रन हलतो. पण तो आता ‘आलीस?’ असं विचारत नाही. हातात सुरी घेऊन, मान वर न करता नुसतं म्हणतो, “थांब जरा. तुझा कांदा चिरून होऊ दे.”