अंगठा नको

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिचा घरी राहिलेला चष्मा द्यायला मी रुग्णालयात गेले होते. मागच्या अंगाला, धुलाईघराच्या वरच्या मजल्यावर तिच्या प्रशिक्षणाची खोली होती. वॉर्डात नव्याने लागणाऱ्या मदतनीस बायकांना ती तिथे शिकवायची: रोग्याला न उठवता चादर कशी बदलायची, पाठ कशी पुसायची, दर दोन तासांनी कूस का बदलवायची, भांडं देताना माणसाची लाज कशी राखायची. मी लोकांना सांगताना "आई आरोग्य खात्यात आहे" एवढंच सांगायचे. पुढे कोणी विचारलं तर विषय बदलायचे.

"बरी आलीस," आई म्हणाली. "चप्पल काढ आणि त्या खाटेवर आडवी हो. आज आम्हाला पेशंटच नाही."

"आई, मला वेळ नाहीये."

"दहा मिनिटं गं. नुसतं पडायचंय. पुस्तक घेऊन तासन् तास पडतेसच की."

बायका हसल्या. मला राग आला. मी चष्मा टेबलावर ठेवला आणि वळले. तोवर आई एका चाळिशीच्या बाईकडे गेली होती. आधी शिवणकाम करणाऱ्या, नवरा गेल्यावर या कामाला आलेल्या त्या बाईला सगळ्या 'घाई' म्हणत. नाव आईनेच ठेवलेलं.

"घाई, किती ठोके?"

"बहात्तर!"

"इतक्यात?"

"पंधरा सेकंद मोजले, चारने गुणले."

"हा गणिताचा तास नाही. चुकार हृदयसुद्धा पंधरा सेकंद शहाण्यासारखं वागतं. पूर्ण मिनिट मोजायचं." आईने छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ काढून घाईच्या छातीवर लावलं. मग पेन्सिलीने तिच्या बोटावर टिचकी मारली. "आणि अंगठा नको. तीन बोटं."

"का हो बाई?" घाईने विचारलं.

आईने काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मी जिना उतरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळचे सात वाजले तरी स्वयंपाकघरात आवाज नव्हता. आई कुशीवर झोपलेली होती. मी हाक मारली, हलवलं, मग तिचं मनगट धरलं. हात गार होता. पण सतत धुऊन धुऊन तिचे हात नेहमीच गार असायचे. आणि नाडी लागत होती! जोरात, भरभर, अगदी स्पष्ट. मी किती वेळ तशीच बसले कोण जाणे. मग हात सोडला आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरकाकांना बोलवायला धावले.

काकांनी पापणी उचलून पाहिली. "झाले काही तास," ते हळूच म्हणाले.

"नाही काका, आत्ता नाडी होती. मी स्वतः पाहिली."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस रडणाऱ्या मुलीशी वाद घालत नाही. त्यांनी त्या दिवशी घातला असता तर बरं झालं असतं.

कारण पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. आई जिवंत होती. मी हात सोडला. मी जिन्यात असताना ती एकटी गेली.

माझ्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत. भोंदूगिरीवर मी महाविद्यालयात भाषणंही दिली आहेत. तरीही एका दुकानात पडलेलं पत्रक मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. एक बाबा म्हणे सर्वांसमोर स्वतःची नाडी थांबवतात, पलीकडे जातात आणि गेलेल्यांचा निरोप घेऊन येतात. लोक त्यांना 'परतबाबा' म्हणत.

त्याच आठवड्यात घाई घड्याळ परत करायला घरी आली. मी कुठे चाललेय ते ऐकून म्हणाली, "एकट्या नका जाऊ ताई. मी येते. आणि खरं सांगू? बाई भेटल्या तर मलाही हव्यात." मी घड्याळ घेतलं नाही. "आईने ते तुला लावलंय," म्हटलं.

बंद पडलेल्या एका सिनेमागृहात कार्यक्रम होता. खुर्च्यांतला कापूस बाहेर आलेला, पण जागा मिळत नव्हती. कोणी फोटो छातीशी धरलेला, कोणी बाळाचं झबलं. दारात प्रत्येकाकडून एक अर्ज भरून घेत होते. गेलेल्याचं नातं, व्यवसाय, आजार आणि शेवटी: 'मनात काय राहून गेलं?' परलोकातही अर्जाशिवाय काम होत नाही, हा विनोद मला तेव्हा सुचायला हवा होता. मी शेवटच्या ओळीत लिहिलं, 'मी हात सोडला.'

शेजारचे गृहस्थ उत्साहात होते. "मागच्या खेपेला आमच्या वडिलांनी कपाटाच्या किल्लीचं सांगितलं."

"सापडली?" घाईने विचारलं.

"किल्ली नाही. पण कपाट बरोबर सांगितलं!"

बाबा आले. सैल पांढरा झगा, उंच पाठीची खुर्ची.

"मायबाप हो! तुम्ही नुसते फलाटावर उभं राहून रडता. आम्ही त्यांच्याच गाडीत चढतो! पलीकडचा निरोप घेतो आणि परतीच्या गाडीने इथे हजर! दवाखान्यातलं कोणी आहे का? या, नाडी धरा, आमचं तिकीट तपासा!"

घाई कामावरून थेट आली होती, गणवेशातच. तिने हात वर केला. तिला कुणाचं पितळ उघडं पाडायचं नव्हतं. तिला फक्त नाडी बघता येत होती.

तिने बाबांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि छातीवरचं घड्याळ उचलून धरलं. बाबांनी डोळे मिटले.

"लागते का?" माईकवाल्या शिष्याने विचारलं.

"नाही लागत."

सभागृहातून मोठा उसासा निघाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"बाबा पोचले! उतरा आता खाली."

"थांबा, मिनिट व्हायचंय."

"अहो, नाही लागत म्हणजे नाही लागत!"

"असू दे. आमच्या बाई पूर्ण मिनिट मोजायला लावायच्या."

काही जण हसले. तेवढ्यात बाबा खोल आवाजात बोलू लागले. "एक माउली दिसते... रोग्यांची सेवा केलेली... लेकीला विचारते आहे... हात का सोडलास गं?"

मी उभी राहिले. मी मनातल्या मनात घाईला विनवत होते, नाडी लागू देऊ नकोस. आईचे आणखी दोन शब्द येऊ देत.

"माउलीला शांती नाही... लेकीने अकरा वेळा इथे यावं..."

"लागली!" घाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता, रोगी शुद्धीवर आल्यासारखा. "चाळिसाव्या सेकंदाला लागली! आणि श्वास तर मघापासून चालूच होता."

"गाडी परत आली!" शिष्य ओरडला.

पण घाईचं लक्ष कामात होतं. "मनगटात नाडी जाते-येते, म्हणजे वर कुठेतरी काहीतरी आवळलंय," ती स्वतःशीच म्हणाली. आणि अंग पुसताना रोग्याचा उचलावा तसा, एक हात कोपराखाली घालून तिने बाबांचा दंड अलगद वर उचलला.

झग्याच्या बाहीतून रबरी चेंडू पडला. मंचावर दोनदा उडाला, पायऱ्या उतरला आणि पहिल्या रांगेपर्यंत घरंगळत गेला.

मग मागून कोणीतरी हसलं.

"ही बाई अपवित्र आहे!" बाबा गरजले.

"असेन हो. पण तुमची नाडी आता शंभराच्या वर गेलीय. पाणी प्या."

करामत होती ती एवढीच. काखेत चेंडू धरून दंड दाबला की हाताकडे जाणारी रक्तवाहिनी दबते आणि मनगटातली नाडी लागेनाशी होते. हृदय आपलं चालूच असतं. दाब थोडा सैल पडला की नाडी परत. निरोप अर्जातून येतात. तपासणारा दहा सेकंदांत समाधानी होतो, आणि बाकीचं काम आपलं दुःख करतं.

निम्मे लोक उठून गेले. निम्मे बसून राहिले. त्यांना मी हसत नाही. किल्लीवाले गृहस्थ दारात आपला अर्ज परत मागत होते.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी घाईला सगळं सांगितलं. "बाबा खोटा असेल, पण आईची नाडी खरी होती. मला लागली होती."

"कशी धरली होती? दाखवा."

मी तिचं मनगट धरलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

"ताई, अंगठा."

"म्हणजे?"

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठ्याने धरलं की आपलीच आपल्याला लागते. बाईंनी सांगितलं होतं त्या दिवशी. तुम्ही तेव्हा जिन्यात असाल."

मी रडले. आई त्या पहाटेच गेली होती. मी सोडायच्या खूप आधी तो हात रिकामा झाला होता. त्या सकाळी जिचे ठोके मला लागत होते, ती मीच होते, घाबरलेली. मनावरचं ओझं उतरलं आणि आई दुसऱ्यांदा गेली.

वाचकहो, पुस्तकं मीही वाचली होती. दुःखात ती फडताळातच राहतात. म्हणून एवढंच मागते: हाताला लागलं म्हणून खरं मानू नका. कोणाचं लागलं ते पाहा. पूर्ण मिनिट मोजा. आणि कोणी 'का' विचारलं, तर उत्तर ऐकायला थांबा.

गेल्या आठवड्यात धुलाईघरावरच्या त्या खोलीत नवीन बायका आल्या. शिकवायला आता एक तरुण परिचारिका आहे आणि घाई तिच्या हाताखाली. पेशंट मिळत नव्हता. मी चप्पल काढून खाटेवर आडवी झाले. एकीने भीतभीत माझं मनगट धरलं.

"अंगठा नको," मी म्हणाले.

"तुम्ही नर्स आहात का?"

"नाही. माझी आई इथे शिकवायची. आजारी माणसांची अंगं पुसायची, त्यांचं हगणं-मुतणं काढायची आणि ते नीट कसं करायचं ते शिकवायची. मी हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं."

घाईने छातीवरचं घड्याळ उचललं. त्या मिनिटात मी छताकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, मला वेळ होता गं."